भूक कुणाच्या खात्यात?

आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या स्वयंपाकघराचं छत दोन पावसाळे गळत होतं. कमिटी म्हणाली, हा दोन फ्लॅटांमधला आपसातला मामला. वरचे म्हणाले, पाइप सोसायटीचा आहे. वॉर्ड ऑफिसात गेल्यावर कळलं की इमारतीच्या आतलं काही त्यांच्याकडे येत नाही. प्रत्येकाचं म्हणणं नियमाला धरून होतं. बादली मात्र काकूंच्या ओट्यावर.

हे आठवायचं कारण कॅनडा. तिथल्या अल्बर्टा नावाच्या प्रांताने देशापासून वेगळं होण्याची भाषा अधूनमधून बातम्यांत येते आणि कॅल्गरीत राहणारी माझी मावसबहीण दर वेळी विचारते, “अरे, एवढा श्रीमंत प्रांत, यांचं दुखतंय काय?” तेल, कर, पाइपलाइन ही आजची उत्तरं आहेत. पण राजधानी ओटावाशी असलेल्या अढीची मुळं बरीच जुनी आहेत, आणि त्यातलं एक जाड मूळ दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांत सापडतं. तेव्हा तिथे तेल नव्हे, गहू होता. आणि अख्खा देश एका साध्या प्रश्नावर अडला होता: काम नसलेल्या माणसाला जेवू घालायचं कुणी? गावाने, प्रांताने की केंद्राने?

आधी वाटणीपत्र वाचू

कॅनडा १८६७ साली ब्रिटिश संसदेच्या एका कायद्याने उभा राहिला. तोच त्यांचा संविधानासारखा दस्तऐवज. त्यात कामांची वाटणी होती. संरक्षण, रेल्वे, जकात, बँका, चलन ही बडी कामं केंद्राकडे, म्हणजे ओटावाकडे. शाळा, दवाखाने, धर्मादाय संस्था, नगरपालिका ही किरकोळ वाटणारी कामं प्रांतांकडे. कर बसवण्याचा हक्कही त्याच बेताने. केंद्राला हवा तो कर घेता येई. प्रांतांना फक्त थेट कर, म्हणजे ज्याच्यावर लावला त्यानेच भरायचा असा.

१८६७ साली हे शहाणपणाचं होतं. गरिबाला मदत म्हणजे चर्चची पेटी, शेजारणीने दिलेला पाव. त्याला कितीसा खर्च? एकत्र कुटुंबात मोठ्याने शेत आणि बाजार बघायचा, धाकट्याने आल्यागेल्याचं चहापाणी, तशी ही वाटणी. पुढे साठ वर्षांत आलेगेले हजारांनी वाढले, चहापाणी जेवणावळीवर गेलं आणि तिजोरीची किल्ली मोठ्याकडेच राहिली.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. या वाटणीपत्राचा अर्थ लावणारं शेवटचं कोर्ट कॅनडात नव्हतंच. ते लंडनला होतं: प्रिव्ही कौन्सिल, म्हणजे साम्राज्यातल्या दाव्यांचा अखेरचा निकाल देणारी न्यायाधीशांची समिती. आपल्याकडे भावकीच्या भांडणात “प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाईन” अशी धमकी द्यायचे, तीच ही. कॅनडाची तिच्यापासून सुटका व्हायला १९४९ उजाडलं.

गव्हाचा भाव पडला म्हणजे काय झालं?

पहिल्या महायुद्धात साठ हजारांवर माणसं गमावून कॅनडा बाहेर आला तेव्हा लोकसंख्या होती जेमतेम ऐंशी लाख. परतलेल्या सैनिकांना काम नव्हतं, महागाई होती. १९१९च्या मे-जूनमध्ये विनिपेगचे तीस हजारांवर कामगार सहा आठवडे संपावर गेले आणि अख्खं शहर थांबलं. संप पोलिसांनी गोळीबार करून मोडला. तरी विसाचं दशक पुढे बरं गेलं. मोटारी आल्या, रेडिओ आला, १९२१ साली अ‍ॅग्नेस मॅकफेल ही पहिली स्त्री खासदार झाली. मध्यभागातली प्रेअरी, म्हणजे मॅनिटोबा, सस्कॅचेवान आणि अल्बर्टा या तीन प्रांतांची सपाट गवताळ जमीन, जगाला गहू विकून सुखात होती.

गव्हाचं माप तिथे बुशेल. एक बुशेल म्हणजे साधारण २७ किलो. १९२९ साली बुशेलला डॉलरहून जास्त भाव होता. मग जगभर मंदी आली आणि १९३२च्या शेवटी तो चाळीस सेंटच्याही खाली गेला. पीक काढायला लागणारा खर्च निघेना. त्यातच पाऊस रुसला. कोरड्या जमिनीचा वरचा थर वारा उचलून न्यायचा. धूळ अडवायला बायका खिडक्यांवर ओल्या चादरी लावायच्या. जेवणाची ताटं टेबलावर पालथी मांडून ठेवायची आणि वाढायच्या वेळीच सुलटी करायची. मग टोळ आले. गुरांना घालायला काही उरलं नाही तेव्हा काटेरी रानगवत कापून साठवलं गेलं. शेताला बिळं पाडणाऱ्या खारीसारख्या प्राण्याची शेपटी आणून दिली की पोरांना एकेक सेंट मिळे, आणि कित्येक घरांत हातात येणारी रोकड तेवढीच. १९३७ साली सस्कॅचेवानमध्ये गव्हाचं पीक एकरी तीन बुशेलसुद्धा आलं नाही. एकरभर जमिनीतून एक पोतंभर.

या काळाचं एक चित्र तिथल्या शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. चांगल्या दिवसांत घेतलेली मोटार अंगणात उभी, पेट्रोलला पैसे नाहीत. मग इंजिन काढून टाकायचं, पुढे दांडी बसवायची आणि घोडे जुंपायचे. गादीवर बसायचं, समोरच्या काचेच्या जागेतून लगाम बाहेर. रबरी टायरांची ही बग्गी खडखडत नसे, एवढंच काय ते सुख. तिचं नाव पडलं ‘बेनेट बग्गी’, त्या वेळच्या पंतप्रधानांच्या नावावरून. भाजलेल्या धान्याची कॉफी ती बेनेट कॉफी, आणि बाकावर झोपताना अंगावर घेतलेलं वर्तमानपत्र ते बेनेट ब्लँकेट. लोकांनी काढलेली ही नावं कुठल्याही अग्रलेखापेक्षा लागट आहेत.

शहरांतही वेगळं नव्हतं. देशाचं उत्पन्न चार वर्षांत सुमारे ४० टक्क्यांनी घसरलं. १९३३ साली काम करू शकणाऱ्या दर चारांतला किमान एक जण बेकार होता. लोकसंख्या तेव्हा एक कोटीच्या थोडी वर.

ज्यांची नोकरी टिकली त्यांचं मात्र वाईट चाललं नव्हतं. भाव पडल्यामुळे पगार जास्त पुरे. शनिवारी रात्री रेडिओला कान लावून हॉकीची मॅच ऐकायची. ईटन्स या दुकानाचा जाडजूड कॅटलॉग जुना झाला की पोरं तो पायाला बांधून बर्फावर हॉकी खेळायची. मंदी सगळ्यांना सारखी पोचत नाही, तिथेही पोचली नाही.

पाच सेंटचं भाषण

मंदी आली तेव्हा पंतप्रधान अजून बेनेट नव्हते, मॅकेन्झी किंग होते. सावध, हिशेबी, ठाम बोलणं टाळण्यात पटाईत. (खाजगीत ते मेलेल्या आईशी संपर्क साधायला बैठका भरवत, हे त्यांच्या डायऱ्यांतून मागाहून कळलं.) त्यांचं म्हणणं सरळ होतं: बेकारांना मदत हे नगरपालिकांचं आणि प्रांतांचं काम. १९३०च्या एप्रिलमध्ये संसदेत मात्र त्यांचा तोल गेला. विरोधी पक्षाची सरकारं असलेल्या प्रांतांना या कामासाठी आपण पाच सेंटचं नाणंसुद्धा देणार नाही, असं ते बोलून बसले.

कायद्याच्या पुस्तकाप्रमाणे त्यांचा मुद्दा अगदीच चूक नव्हता. आमच्या कमिटीचाही नव्हता. जुलैच्या निवडणुकीत किंग हरले आणि आर. बी. बेनेट पंतप्रधान झाले. कॅल्गरीचे श्रीमंत वकील, अविवाहित, ओटावातल्या एका आलिशान हॉटेलात राहणारे. त्यांनी लगेच मदतीसाठी दोन कोटी डॉलर मंजूर करून घेतले. पण पैसे प्रांतांच्या हातात ठेवताना ही केंद्राची जबाबदारी नव्हे, फक्त तात्पुरता हातभार, असंच सांगितलं. म्हणजे पाच सेंटच्या जागी दोन कोटी आले, तत्त्व तेच राहिलं.

मदत मिळायची कशी?

या मदतीला तिथे ‘रिलीफ’ म्हणत. ती गावाच्या कचेरीतून मिळे, आणि खर्चाचा वाटा गाव, प्रांत, केंद्र असा तिघांत पडे. ऐकायला बरं वाटतं. पण ज्या गावात सगळ्यात जास्त बेकार, त्याच गावाची घरपट्टी सगळ्यात जास्त थकलेली. आपला वाटा भरता भरता पालिका बुडाल्या. व्हँकूव्हरला लागून असलेल्या बर्नबीची परिषद बरखास्त होऊन तिथे सरकारी आयुक्त बसला आणि दहा वर्षं बसून राहिला.

म्हणून गावं हात आखडत. रोख नाही, चिठ्ठी द्यायची, ती ठरलेल्या दुकानात चालायची. वाण्यासमोर, रांगेतल्या शेजाऱ्यांसमोर ती चिठ्ठी काढायची म्हणजे काय ते ज्याने रेशनच्या रांगेत अपमान गिळलाय त्याला सांगायला नको. कित्येक ठिकाणी गाडीची नंबरप्लेट आणि दारूचा परवाना आधी जमा करावा लागे, घरचा फोन काढून टाकावा लागे. या गावात अमुक महिने राहिल्याचा पुरावा हवा. कामाच्या शोधात गाव सोडलेला माणूस कुठल्याच गावाचा उरत नसे.

दुसऱ्या देशातून आलेल्यांना तर आणखी भीती. सरकारी मदतीवर जगणाऱ्या परदेशी माणसाला परत पाठवायची कायद्यात सोय होती. मंदीच्या पहिल्या पाच वर्षांत वीस हजारांहून जास्त लोकांना अशा ना तशा कारणाने देशाबाहेर काढलं. भुकेची तक्रार करायला गेलेल्याच्या हातात बोटीचं तिकीट.

पूर्वेकडच्या लोकांनी प्रेअरीला रेल्वेच्या वाघिणीच्या वाघिणी भरून मदत पाठवली, हेही सांगायला हवं. सफरचंदं आली, चीज आलं, आणि समुद्राकाठच्या प्रांतांतून खारवलेला कॉड मासा आला. प्रेअरीच्या लोकांना हा लाकडासारखा वाळलेला मासा शिजवायचा कसा तेच माहीत नव्हतं. कुणी बुटाचे तळ केले, कुणी छपराला लावला, अशा गोष्टी तिथे अजून सांगतात. मालवण-रत्नागिरीची एखादी बाई तिथे असती तर अख्खं गाव जेवलं असतं!

तशी आपल्या देशातली माणसं कॅनडात होतीच, पण थोडी. बहुतेक पंजाबी, ब्रिटिश कोलंबियातल्या लाकूड गिरण्यांत. त्या प्रांताने त्यांना मत नाकारलं होतं, आणि प्रांतात मत नाही म्हणून देशाच्या निवडणुकीतही नाही. १९२२ साली व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री हा प्रश्न घेऊन कॅनडात गेले होते. गोखल्यांच्या पश्चात पुण्याच्या भारत सेवक समाजाची धुरा वाहणारे हेच ते शास्त्री. स्वागत झालं, भाषणं झाली. भारतीयांना मत मिळालं १९४७ साली. प्रांताकडे बोट, केंद्राकडे बोट, हा खेळ फक्त भाकरीपुरता नव्हता.

वीस सेंट रोज

घरदार असलेल्याला निदान एक गाव होतं. सडाफटिंग तरुणांना तेही नव्हतं. ते मालगाडीच्या टपावर बसून काम शोधत देशभर फिरत. असे हजारो तरुण एका शहरात जमले तर क्रांती होईल, ही सरकारची खरी धास्ती. १९३२ साली लष्करप्रमुख जनरल मॅकनॉटन यांच्या सूचनेवरून छावण्या उघडल्या: शहरांपासून दूर, जंगलात, संरक्षण खात्याच्या ताब्यात. खायला, राहायला, कपडे, आणि रोजचे वीस सेंट. बदल्यात रस्ते करायचे, विमानांसाठी धावपट्ट्या सपाट करायच्या. चार वर्षांत सुमारे १,७०,००० तरुण तिथून गेले.

“मग वाईट काय? पोटाला मिळत होतं ना?” असं कुणी म्हणेल. आपल्याकडेही ७२च्या दुष्काळात खडी फोडायला लोक गेलेच. फरक असा की दुष्काळी कामावरचा माणूस संध्याकाळी आपल्या घरी जायचा, आणि हातात पडायची ती मजुरी होती. इथे वीस सेंटला मजुरी म्हणायलाच सरकार तयार नव्हतं, तो ‘भत्ता’ होता. वरून सक्ती नव्हती, पण एकट्या तरुणाला शहरात रिलीफ मिळत नसल्याने दुसरी वाटही नव्हती.

१९३५च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या छावण्यांतले तरुण संप करून व्हँकूव्हरला आले. दोन महिने मोर्चे झाले. महापौर म्हणे, हे प्रांताचं काम. प्रांत म्हणे, केंद्राचं. अखेर ३ जूनला पोरं मालगाड्यांवर चढली: चला ओटावाला, पंतप्रधानालाच विचारू. वाटेतल्या गावांनी त्यांना जेवू घातलं. सस्कॅचेवानच्या राजधानीला, रिजायनाला पोचेपर्यंत ते दोन हजारांच्या घरात गेले.

तिथे केंद्राने त्यांना अडवलं. सस्कॅचेवानचं सरकार सांगत होतं की आमच्या प्रांतात आम्ही बघू. पण मालगाडीवर फुकट चढणं हा रेल्वेचा गुन्हा, आणि घोडदळ पोलीस केंद्राचे. खायला घालायचं तर प्रांताचं काम, अडवायचं तर केंद्राचं! पुढाऱ्यांना बेनेटनी ओटावात भेटायला बोलावलं. त्या बैठकीत त्यांनी पुढाऱ्याला अफरातफर करणारा म्हटलं आणि पुढाऱ्याने पंतप्रधानांना खोटारडा. १ जुलैला, देशाच्या वाढदिवशी, पोरं माघारी जायच्या वाटाघाटी प्रांताशी करत असतानाच पोलिसांनी भरसभेत पुढाऱ्यांना पकडायला धाड घातली. दंगल पेटली. एक पोलीस तिथेच गेला, मोर्चातला एक जण पुढे इस्पितळात.

“पण केंद्राकडे पैसा होता कुठे?”

रास्त शंका आहे. युद्धाचं कर्ज डोक्यावर होतं. विसाच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बुडत्या रेल्वे कंपन्या एकत्र करून सरकारने ताब्यात घेतल्या होत्या, त्यांचं कर्जही आलं. आयकर १९१७ साली ‘युद्धापुरता’ म्हणून लावला होता (तो अजून चालू आहे) पण तो भरणारे मूठभर. आणि तूट म्हणजे पाप, असं बँकर, संपादक, प्राध्यापक सगळेच मानत.

तरी तिघांमध्ये कर्ज मिळवायची आणि कर वाढवायची ताकद सगळ्यात जास्त कुणात होती, यात वाद नव्हता. पैसा वाटून घ्यायचा तर काय घडतं, हे तर वृद्ध पेन्शनने आधीच दाखवलं होतं. १९२७ साली सत्तर वर्षांवरच्या गरिबांना महिना वीस डॉलरची योजना आली: निम्मे केंद्र देणार, निम्मे प्रांत. गरीब प्रांतांकडे ते निम्मे नव्हते. म्हणून पूर्वेकडच्या समुद्राकाठच्या प्रांतांतल्या म्हाताऱ्यांना १९३३ ते ३६ पर्यंत थांबावं लागलं. ‘तू शंभर टाक, मी शंभर टाकतो’ हे ज्याच्या खिशात शंभर आहेत त्यालाच परवडतं.

आणि बेनेट निव्वळ दगड होते असंही नाही. लोक त्यांना पत्रं लिहीत आणि ते गुपचूप स्वतःच्या खिशातून पाच डॉलरची नोट पाकिटात घालून पाठवत. सस्कॅचेवानच्या एका बाईने नवऱ्यासाठी कॅटलॉगमधून जाड, उबदार अंतर्वस्त्रं मागितली, थंडीत तो उघड्यावर काम करतो म्हणून. पंतप्रधानांनी ती पाठवली. मला हा किस्सा एकाच वेळी हेलावणारा आणि संताप आणणारा वाटतो. देशाचा प्रमुख एका माणसाला गंजीफ्रॉक पाठवू शकतो, धोरण पाठवू शकत नाही.

लंडनने मोडता घातला

१९३५च्या जानेवारीत बेनेटनी रेडिओवरून एकदम सूर बदलला. जुनी व्यवस्था मोडली, सरकारने हात घातलाच पाहिजे, म्हणाले. बेकारी विमा, किमान वेतन, कामाचे तास ठरवणारे कायदे आले. विमा म्हणजे कामावर असताना दर आठवड्याला थोडं थोडं साठवायचं आणि काम सुटलं की त्यातून घ्यायचं. शेजारी अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या अशाच योजनांचा गाजावाजा चालू होता, निवडणूक तोंडावर होती. लोकांनी विश्वास ठेवला नाही. ऑक्टोबरमध्ये किंग २४५ पैकी १७३ जागा घेऊन परत आले आणि त्यांनी हे कायदे न्यायालयाकडे पाठवले: वैध आहेत का बघा.

१९३७ साली लंडनच्या न्यायाधीशांनी त्यातले महत्त्वाचे कायदे रद्द केले. का? वाटणीपत्रात ‘मालमत्ता आणि नागरी हक्क’ हा विषय प्रांतांकडे होता. मालक आणि कामगार यांच्यातला करार हा नागरी हक्काचा विषय. म्हणून विमाही प्रांताचा. वास्तविक यादीत नसलेलं सगळं केंद्राकडे जाईल, असं त्याच कायद्यात होतं. पण मागच्या चाळीसेक वर्षांत या न्यायाधीशांनी ‘मालमत्ता आणि नागरी हक्क’ हे शब्द इतके ताणले होते की उरलंसुरलं फार थोडं राहिलं. देशावर आणीबाणी आहे म्हणावं, तर हे कायदे कायमचे केलेले, मग आणीबाणी कसली?

निकालात लॉर्ड अ‍ॅटकिन यांनी दिलेला दाखला प्रसिद्ध आहे: राज्याचं जहाज नव्या समुद्रात गेलं तरी त्यातले पाणी न शिरणारे कप्पे तसेच राहतात. गंमत अशी की याच प्रिव्ही कौन्सिलने १९२९ साली, कॅनडाच्या कायद्यातल्या ‘व्यक्ती’ या शब्दात स्त्रियाही येतात आणि म्हणून त्या सिनेटवर जाऊ शकतात, असा निकाल देताना त्याच कायद्याला ‘जिवंत झाड’ म्हटलं होतं. आठ वर्षांत झाडाचं जहाज झालं.

रेडिओवरचे हेडमास्तर

आता अल्बर्टा. केंद्राला हात नाही, प्रांताकडे पैसा नाही, अशा वेळी कुणी येऊन म्हणालं की पैसा आपणच करू, तर?

विल्यम अ‍ॅबरहार्ट कॅल्गरीतल्या एका हायस्कूलचे मुख्याध्यापक. आडवा देह, दणदणीत आवाज. दर रविवारी रेडिओवर बायबल समजावून सांगत आणि प्रेअरीतल्या एकाकी शेतघरांत लोक तो आवाज ऐकायला जमत. १९३२ साली त्यांच्या हाती ‘सोशल क्रेडिट’चा विचार लागला. हा मेजर डग्लस या ब्रिटिश इंजिनिअरचा. सांगायला सोपा: पावाच्या किमतीत बेकरीतल्या गड्यांची मजुरी असते आणि पीठ, भट्टी, कर्जाचं व्याज असा बाकीचा खर्चही असतो. गड्यांच्या हातात मजुरीच येते. मग सगळे पाव विकत घेण्याइतका पैसा लोकांकडे येणार कुठून? ही फट सरकारने लोकांना फुकट पैसे देऊन बुजवायची.

यातली मेख अशी की पिठाचे पैसे हवेत विरत नाहीत. ते गिरणीवाल्याकडे, त्याच्या गड्याकडे, शेतकऱ्याकडे जातात, म्हणजे कुणाच्या तरी खिशातच पडतात. पण भाव पडलेला, गहू कोठारात, पोरं उपाशी, हे रोज बघणाऱ्याला ‘माल आहे पण पैसा नाही’ हे निदान खोटं कसं वाटावं? अ‍ॅबरहार्टनी प्रत्येक प्रौढाला महिना २५ डॉलरचं आश्वासन दिलं. २२ ऑगस्ट १९३५ला त्यांच्या पक्षाने ६३ पैकी ५६ जागा जिंकल्या. आधीच्या शेतकरी सरकारला एकही उरली नाही.

“लोक इतके भोळे होते?” मला तसं वाटत नाही. किंगना विचारून झालं होतं, बेनेटना विचारून झालं होतं. ‘हे आमच्या खात्यात येत नाही’ न म्हणणारा हा पहिला माणूस होता.

२५ डॉलर कधीच आले नाहीत. १९३६च्या एप्रिलमध्ये प्रांताने कर्जरोख्यांची परतफेड चुकवली. ऑगस्टमध्ये ‘समृद्धी प्रमाणपत्रं’ निघाली, म्हणजे प्रांताची स्वतःची नोटच. मागे छोटे चौकोन. दर आठवड्याला एकेक सेंटचं तिकीट डकवलं नाही तर नोट चालायची नाही. हेतू असा की लोकांनी ती दाबून न ठेवता पटापट खर्च करावी, बर्फाचा गोळा हातात फार वेळ धरवत नाही तसं. झालं उलटंच. दुकानदार घ्यायला नाखूश, आणि खुद्द प्रांत सरकार करापोटी आपलीच नोट घेईना! काही महिन्यांत प्रकरण आटोपलं.

राज्यपालांचा बंगला

मग अ‍ॅबरहार्ट बँकांकडे वळले. पण बँका आणि चलन केंद्राचं खातं. १९३७ साली बँकांना वेसण घालणारे कायदे केले, ते केंद्राने रद्द केले. पुन्हा तीन विधेयकं आली: एक बँकांवरच्या कराचं, एक पतपुरवठ्याचं आणि एक वर्तमानपत्रांनी सरकार सांगेल तो खुलासा छापावा आणि बातमी कुणी दिली तेही सांगावं असं. प्रांताचे राज्यपाल जॉन बोवेन यांनी तिन्हींवर सही रोखली. १९३८ साली सर्वोच्च न्यायालयाने तिन्ही अवैध ठरवली. वर्तमानपत्रांवरच्या बंधनाला विरोध केल्याबद्दल ‘एडमंटन जर्नल’ला अमेरिकेचं पत्रकारितेसाठीचं खास पुलित्झर पारितोषिक मिळालं.

अ‍ॅबरहार्टनी उट्टं कसं काढलं? राज्यपालांचा सरकारी बंगलाच बंद केला. राज्यपाल हॉटेलात राहायला गेले. राज्यपाल आणि सरकार यांच्या कुरबुरी पाहिलेल्या मराठी वाचकाला हे वाचून नवल वाटू नये, पण बंगल्याला कुलूप घालण्यापर्यंत आपली मजल अजून गेलेली नाही.

बँकांचं काही करता येत नाही म्हटल्यावर त्याच वर्षी प्रांताने स्वतःच्या ‘ट्रेझरी ब्रँच’ उघडल्या, नावात बँक नाही अशी बँक. ती आजही चालू आहे. माझ्या मावसबहिणीचं खातं तिथेच आहे, आणि तिला ही कथा ठाऊक नव्हती.

गाठ सुटली कशी?

१९३७ साली किंगनी एक आयोग नेमला: कामांची आणि पैशांची वाटणी पुन्हा तपासा. अल्बर्टाने त्याच्यावर जवळजवळ बहिष्कारच घातला. आयोगाचा अहवाल १९४०चा. बेकारांची जबाबदारी केंद्राने घ्यावी आणि गरीब प्रांतांना केंद्राने पैसा द्यावा, म्हणजे सगळीकडे साधारण सारख्या सोयी मिळतील, असं त्यात होतं. यातली दुसरी कल्पना १९५७ साली अमलात आली. सुरुवातीची काही वर्षं अल्बर्टालाही ही मदत मिळाली. पुढे तेलाने प्रांत मालामाल झाला आणि आज ‘आमचा पैसा इतरांना का?’ हीच तिथली मोठी तक्रार आहे. तेल असलेली ती जमीनही १९३० पर्यंत प्रांताच्या मालकीची नव्हती. इतर प्रांतांच्या जमिनी त्यांच्याच होत्या, प्रेअरीच्या तिघांच्या तेवढ्या केंद्राने ठेवून घेतल्या होत्या. ही सल वेगळी.

आपल्या संविधानात ‘सामाजिक सुरक्षा आणि सामाजिक विमा, रोजगार आणि बेरोजगारी’ हा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो. तिसरी यादी असण्याचा अर्थ कॅनडाची ही दहा वर्षं वाचल्यावर नीट कळतो. भांडण त्याने संपत नाही, पण ‘आम्हाला अधिकारच नाही’ असं कुणाला म्हणता येत नाही.

कॅनडात बेकारी विमा केंद्राच्या हाती देण्यासाठी १९४० साली संविधान बदललं. वर्गणी कापायला सुरुवात झाली १ जुलै १९४१ला. तोवर बेकार उरलेच नव्हते. १० सप्टेंबर १९३९ला कॅनडाने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं होतं आणि भरतीच्या कचेऱ्यांसमोर रांगा लागल्या होत्या. छावण्यांत वीस सेंटवर राबलेली कित्येक पोरं त्या रांगेत होती. साध्या सैनिकाचा पगार होता रोजचा १ डॉलर ३० सेंट, आणि तो कुणी द्यायचा यावर वाद झाला नाही.